यमूचा राग येतो, आणि पुस्तक खाली ठेववत नाही

या महिन्यात आलेली निम्म्याहून अधिक पत्रं एकाच पुस्तकाबद्दल आहेत, म्हणून हे सदर त्याच पुस्तकाला देते आहे. काही कॉलेजांत बी.ए.च्या मराठीला हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' नेमलेली आहे. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते. माहेर, लहानपणीच झालेलं लग्न, पुण्यातलं सासर, शिकवणारा नवरा रघुनाथराव, मुंबईच्या बिऱ्हाडातले सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि घरच्यांनी जबरदस्तीने केलेलं केशवपन. हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकात ती १८९० पासून तुकड्यातुकड्याने आली आणि १८९३ पर्यंत चालली. पत्रं जागेअभावी थोडी कमी केली आहेत, लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

बाई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव बार्शी तालुक्यातलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एस.टी.त जाता-येता कादंबरी वाचते. महिना झाला, अजून अर्धी पण झाली नाही. माजघर, सोवळं-ओवळं, सारखं कुणीतरी कुणाला टाकून बोलतंय. आमच्यात असलं काही नव्हतं. माझ्या पणजीचा नवरा वारल्यावर तिचा पाट लावला होता, म्हणजे दुसरं लग्न, तिचे केस कुणी काढले नाहीत. मग ही कादंबरी माझी कशी? वाचताना राग येतो. यमूचा येतो, तिच्या बापाचा येतो आणि ही नेमणाऱ्यांचाही येतो. पण परवा रघुनाथराव तिला वाचायला शिकवतो तिथं आले आणि माझा स्टॉप मागं गेला, कळलंच नाही. मला नक्की काय वाटतंय तेच समजंना. सरांना विचारलं तर म्हणाले, अजरामर कलाकृती आहे, तसंच लिही.
— एक विद्यार्थिनी, बार्शी तालुका

तुझ्या पत्रातली एकही ओळ खोडावी अशी नाही. ते आहे तसं वहीत उतरवून ठेव. पेपरात लिहायचं उत्तर त्यातूनच निघणार आहे.

आधी पणजीचं बघू. तू म्हणतेस ते खरं आहे आणि ते वर्गात मोठ्याने बोललं पाहिजे. केशवपन आणि आलवण (विधवेने नेसायचं तांबडं लुगडं) ही चाल मुख्यतः ब्राह्मण घरांतली. शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लागत होता, मोहतूर होत होता. हरिभाऊंनी लिहिलं ते त्यांना आतून-बाहेरून ठाऊक असलेल्या पांढरपेशा घराबद्दल. त्या घराच्या दिंडीबाहेरचा महाराष्ट्र या कादंबरीत फार थोडा आहे. ही तिची मर्यादा आहे आणि ती दाखवून देण्याचा तुला पुरा अधिकार आहे.

नुसती मर्यादा दाखवून थांबू मात्र नकोस. केशवपनाला न्हावी लागतो. त्या माणसाला काय वाटत होतं ते यमूला ठाऊक नाही, आणि गोष्ट तिच्याच तोंडून असल्यामुळे आपल्यालाही कळत नाही. त्यासाठी पुस्तकातून मान वर करून १८९० सालच्या मुंबईकडे बघावं लागतं. 'दीनबंधु' वृत्तपत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तिथल्या नाभिकांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. 'करमणूक' निघालं तेही त्याच वर्षी. पुण्यात एक लेखक त्या घराच्या आत बसून लिहायला लागला होता, आणि ज्यांच्या हातात वस्तरा द्यायचा ती माणसं मुंबईत नाही म्हणत होती. हे दोन्ही शेजारी ठेवून वाच. तुझ्या 'माझी कशी?' या प्रश्नाला तिथून वाट फुटते.

आणि पाट लागत होता म्हणून मुलींचं बाकी सगळं सुखाचं होतं असंही धरून चालू नकोस. खटल्यामुळे गाजलेल्या रखमाबाईंची आई जयंतीबाई. सुतार समाजातली, तरुणपणीच विधवा झालेली. तिने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं, जातीच्या रीतीत ते बसत होतं. तरी रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलंच. मोठी झाल्यावर तिने नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन पण जाणार नाही, असं ती म्हणाली. पुढे पैशांवर तडजोड झाली आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. हरिभाऊ लिहायला बसले तेव्हा हा खटला सगळ्यांच्या तोंडी होऊन गेलेला होता. त्याआधी १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. ताराबाई मराठा घरातल्या. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती राहिलेली नाही, कुलीन म्हणवणारी मराठा घरंही ती पाळायला लागली आहेत, हे त्या संतापून सांगतात. ग्रंथालयात हे छोटं पुस्तक असेल तर जरूर माग. यमूच्या मवाळपणाचा तुला राग येतो ना, मग ताराबाईंची धार तुला आवडेल.

आता एक काम सांगते. घरी आजीला विचार: पणजीचं पहिलं लग्न झालं तेव्हा तिचं वय काय होतं? पाट लावताना तिला कुणी विचारलं होतं का? आधीच्या नवऱ्याची मुलं असतील तर ती कुणाकडे राहिली? आजी सांगेल ते तारीख घालून लिहून ठेव. यमूच्या हकिकतीशेजारी ठेवायला तुझ्या घरातली हकीकत तुझ्याजवळ असेल, आणि ती दुसऱ्या कुणाजवळ नसेल.

राहिला चुकलेला स्टॉप. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी १९१० साली छापल्या. लग्न होऊन सासरी आल्यावर त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवायला लागले, आणि घरातल्या बायकांनी टोमणे मारून त्यांचं शिकणं कसं नकोसं केलं, ते त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. म्हणजे यमूच्या बाबतीत हरिभाऊंनी काही हवेतून आणलेलं नव्हतं. तुझ्या घरात तू पहिली कॉलेजात गेलेली. कुणी काय काय बोललं असेल, कुणी पाठीशी उभं राहिलं असेल, ते तुला माहीत. त्या प्रसंगावर दोन पानं लिही, कुणाला दाखवायची नसली तरी लिही. सरांनी सांगितलेला शब्द त्यात वापरायची गरज नाही.

मॅडम, प्रामाणिक प्रश्न आहे. गाइडमध्ये कथानक दोन पानांत, व्यक्तिरेखा चार पानांत आणि 'कादंबरीचे सामाजिक महत्त्व' दीड पानात आहे. त्यावर पास होता येतं, माझ्या भावाला साठच्या वर पडले होते. मूळ पुस्तक उघडलं की झोप येते. मूळ वाचून मला जास्तीचं काय मिळणार?
— टी.वाय.चा विद्यार्थी, अहिल्यानगर

पास होता येतं, हे तुझं म्हणणं मी नाकारत नाही.

गाइड घटना सांगतं: लग्न झालं, सासरी गेली, मुंबईला गेली, नवरा वारला. कादंबरीत घटना याच क्रमाने येतात, पण सांगणारी बाई आधीच शेवटाला पोचलेली आहे. सगळं होऊन गेल्यावर ती हे सांगते आहे. त्यामुळे मुंबईच्या बिऱ्हाडातला आनंद सांगतानासुद्धा पुढचं तिच्या मनात असतं. नवरा-बायको मोकळेपणाने बोलतायत, वाचतायत, मैत्रिणी जमतायत, घरात सासरचा धाक नाही, आणि हे सांगणाऱ्या बाईला मात्र ठाऊक आहे की यातलं काहीही राहणार नाही. त्या सुखाच्या पानांवर ती जास्त रेंगाळते, उठून पुढे जायला तयार होत नाही. तुला झोप येते ती बहुधा तिथेच, कारण 'काही घडत नाही'. ती का थांबली आहे हे डोक्यात ठेवून तीच पानं पुन्हा काढ. दोन पानांच्या कथानकात हे मावत नाही, कारण कथानक सांगणाऱ्याला कुठेही थांबावंसं वाटत नाही.

दुसरं असं की हे लिहिणारा पुरुष आहे, आणि 'करमणूक' सुरू केलं तेव्हा त्याचं वय सव्वीस. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांचे हाल मांडले होते, पण तिथे त्या बायकांबद्दल दुसरं कुणीतरी सांगत होतं. हरिभाऊंनी 'मी' म्हणून बोलायला बाईला पुढे केलं आणि शेवटपर्यंत तिचाच आवाज ठेवला. तो कुठे जमला आहे आणि कुठे हरिभाऊच तिच्या तोंडून भाषण करतायत, हे शोधायला मूळ पुस्तकच लागतं. भाषणं आहेत, बरीच आहेत, आणि ती कंटाळवाणी आहेत असं माझंही मत आहे. यमूच्या सासरचे शंकरमामंजी जरा जास्तच काळे आहेत, रघुनाथराव जरा जास्तच गोरे. हे तू पुराव्यासह लिहिलंस तर तुझं उत्तर गाइडवाल्या उत्तरांच्या गठ्ठ्यात उठून दिसेल.

अगदीच वेळ नसेल तर तीन तुकडे वाच: माहेरची सुरुवातीची प्रकरणं, मुंबईचं बिऱ्हाड, आणि नवरा गेल्यानंतरचं सगळं. मधल्या दुव्यांसाठी गाइड वापरलंस तरी चालेल.

जुनं मराठी समजत नाही. 'कां', 'नाहीं', 'असें' असं सगळीकडे अनुस्वार दिले आहेत, ते वाचताना अडखळायला होतं. शब्द अडले तर कुठे बघायचे?
— एफ.वाय.बी.ए., नांदेड

तुझ्याकडची प्रत जुन्या छपाईची आहे. ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. त्यामुळे ते डोळ्यांनी बघ आणि तोंडाने सोडून दे, चार दिवसांत सवय होते. पुष्कळ प्रतींत ते काढून टाकलेले असतात, तशी मिळाली तर घे. शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. तो मराठी-इंग्रजी आहे, आणि एकोणिसाव्या शतकातलाच असल्यामुळे त्या काळच्या घरातले शब्द त्यात हमखास सापडतात. दात्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' ग्रंथालयात असेल. प्रत्येक शब्दाला थांबू नकोस. कपडे, भांडी, नाती आणि विधी यांचे शब्द तेवढे बघ, बाकीचे वाक्यावरून कळतात.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. केशवपनाचा प्रसंग वाचून ती खूप रडली, दोन दिवस नीट जेवली नाही, बोलली नाही. मुलांच्या डोक्याला आधीच ताण काय कमी आहेत? असलं काळंकुट्ट का शिकवायचं? पुस्तक कुठेतरी ठेवून द्यावं आणि नोट्सवर भागवावं असं मला वाटतं.
— एक आई, डोंबिवली

ताई, तुमची काळजी समजते. तरी पुस्तक उचलून ठेवू नका. वस्तरा फिरला त्या पानावर तिचं वाचन थांबलं तर तेच पान तिच्याजवळ राहील. तिला म्हणा, चार दिवस थांब, हवं तर आपण दोघी मिळून पुढे वाचू. तुम्ही स्वतः तो प्रसंग वाचला नसेल तर आधी वाचा. तिला समजावणारी आई नको असेल, पण ते वाचलेली आई जवळ असलेली चालेल. आणि जेवणाची आबाळ लांबली, झोप गेली, तर मग विषय पुस्तकाचा राहत नाही, डॉक्टरांशी बोला.

काळंकुट्ट का शिकवायचं, याचं उत्तर मला असं द्यावंसं वाटतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, एवढंच, आणि त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला! त्याच गदारोळात ही कादंबरी आठवड्याला थोडी थोडी छापली जात होती. वाचणाऱ्यांच्या स्वतःच्या घरांत अशा मुली होत्या. हरिभाऊंनी यमूला सोडवलं असतं तर वाचकांची त्या दिवशीची झोप बरी झाली असती, आणि माजघरातल्या मुलीकडे बघायला कुणी उठलं नसतं. शेवट इतका कठोर ठेवला तो मला योग्य वाटतो.

पण यमूचा शेवट हा त्या काळातल्या सगळ्याच मुलींचा शेवट नव्हता, आणि हे तुमच्या मुलीला आत्ता सांगायला हवं. आठव्या वर्षी विधवा झालेली गोदूबाई. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे ती शिकायला गेली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. कादंबरी पुरी झाली तेच हे वर्ष. पुढे आनंदीबाई म्हणून तिने 'माझे पुराण' लिहिलं, बोलतोय तसं, रोखठोक. तिची बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवा. बरीच वर्षं वपन केलेली बाई. मग एके दिवशी तिने स्वतः ठरवून ते थांबवलं. कर्व्यांच्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडली, अमेरिकेपर्यंत जाऊन आली, तेही इंग्रजी धड येत नसताना. तिची 'माझी कहाणी' १९२८ची. तुमच्या मुलीने यमूची गोष्ट पुरी केली की यातलं एक तिच्या हातात द्या. आधी नको, पुरी झाल्यावरच.

बाई, मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. हजेरीपटावर सत्तर नावं, वर्गात पंचवीस. ग्रंथालयात प्रती दोन. सेमिस्टरमध्ये गणपती, दिवाळी, परीक्षा वजा जाता हातात किती आठवडे उरतात ते आपल्याला ठाऊक आहे. एवढी मोठी कादंबरी 'पूर्ण' करायची कशी? शेवटी सारांश सांगतो, नोट्स लिहून देतो. मुलं कंटाळतात आणि मलाही समाधान नाही.
— एक प्राध्यापक, यवतमाळ जिल्हा

सर, प्रतींचं आधी मिटवू. हरिभाऊ १९१९ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे मूळ मजकुराच्या छायाप्रती काढायला कायद्याची आडकाठी नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा तेवढ्या वगळा, त्या दुसऱ्या कुणाच्या असतात. एका वेळी एकच प्रकरण काढा. विद्यार्थ्यांना दहा-वीस रुपये जड नाहीत, चारशे-पाचशेचं पुस्तक जड जातं.

एका वेळी एकच, हे मी पैशांपुरतं म्हणत नाही. ही कादंबरी कुणी एका बैठकीत वाचावी म्हणून लिहिलेलीच नाही. 'करमणूक' दर आठवड्याला घरात यायचं, थोडा मजकूर वाचून व्हायचा, मग पुढच्या अंकापर्यंत थांबायचं. वाचता येणारं घरात एखादंच असलं तर ते वाचणार आणि बाकीचे ऐकणार. यमूचं लहानपण त्या वाचकांच्या घरात महिनोन्‌महिने नांदलं. तिचं लग्न झालं तोवर ती त्यांच्या ओळखीची झालेली होती. आपण तेच सगळं जाड ठोकळ्यासारखं मुलांच्या हातात देतो आणि पुढच्या महिन्यात चाचणी लावतो. सुरुवात रेंगाळते, फाटे फुटतात, एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, अशा तक्रारी मुलं करतात. आठवडाभराच्या खंडानंतर वाचणाऱ्याला त्या पुनरुक्तीचा उपयोग होता. हे मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाका, निम्मी तक्रार तिथे मिटते.

मी काय करायची ते सांगते. आठवड्यातला एक तास राखून ठेवलेला, बहुतेक शनिवारचा, आणि त्या तासाला फक्त मोठ्याने वाचन. वाचणारा दर खेपेला वेगळा. यमूचं निवेदन एकाने वाचायचं, शंकरमामंजींचं बोलणं दुसऱ्याने, घरातल्या बायकांचं तिसरीने. भजनी मंडळात म्हणणारा एक मुलगा होता, आवाज खणखणीत. त्याला मामंजी दिले. पहिल्या वाक्याला वर्ग हसला, कारण त्याने अगदी हुबेहूब गावातल्या एका माणसाचा सूर लावला होता. तो वाचत गेला तसं हसू कमी होत गेलं. पुढे रघुनाथराव बायकोला शिकवतो तो भाग आला. मुलींना तो नवरा फार आवडला, दोघी-तिघींनी तसं सांगितलंही. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एकजण, सकाळी डेअरीत दूध घालून वर्गात येणारा, कधी न बोलणारा, बसल्या जागेवरून म्हणाला, "शिकवतो हे बरोबर आहे. पण शिकायचंय का म्हणून तिला विचारतो कुठं?" त्यावर जी जुंपली ती घंटा होऊन गेली तरी मिटली नाही. एक मुलगी म्हणाली, विचारलं असतं तर ती भीतीने नकोच म्हणाली असती. तो म्हणाला, मग मामंजीपण तिला न विचारताच ठरवतात, फरक काय? मुलगी म्हणाली, फरक हा की एक तिला घराबाहेरचं दाखवतो आणि दुसरा तिला कोंडतो. एस.टी. स्टँडवर उभं राहून ती पोरं त्यावर बोलत होती. सुधारक नवरे बायकांना घडवत होते, आणि त्या घडण्यात बायकांचं स्वतःचं किती, हा प्रश्न अभ्यासकांना आजही सुटलेला नाही. दूध घालून आलेल्या पोराने तो एका वाक्यात मांडला, आणि त्यासाठी त्याला कुठलीही नोट लागली नाही.

आणखी एक: कंटाळ्याची नोंद ठेवायला लावा. प्रत्येकाने वहीत लिहायचं, अमुक पानावर मला कंटाळा आला, कारण अमुक. गुण नाहीत, तपासणी नाही. सुरुवातीला 'भाषा जड' एवढंच लिहितील. हळूहळू 'इथे दोघे सुधारणेवर बोलत बसलेत आणि यमू गप्प आहे' असं येऊ लागतं, आणि ते आलं की तुमच्या हातात समीक्षेचा तास तयार असतो.

'पूर्ण' होणार नाही. निम्मी वर्गात वाचून होईल, बाकी घरी. कुणी वाचतील, कुणी नाही. विभागप्रमुखांना अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा कागद लागतो, तो तुम्ही द्यालच. पण पंचवीसपैकी दहाजणांनी ही कादंबरी शेवटच्या पानापर्यंत नेली तर तो वर्ग चांगला झाला असं मी मानते.

मला कादंबरी आवडली नाही. वाचली पूर्ण, तरी आवडली नाही. परीक्षेत तसं लिहिलं तर मार्क कापतात का?
— एस.वाय.बी.ए., रत्नागिरी

पूर्ण वाचून आवडली नाही, हे मत तू कमावलेलं आहेस. ते लिही.

कापतात का, हे तपासणाऱ्यावर आहे आणि सगळे तपासणारे सारखे नसतात. म्हणून लिहिण्याची रीत सांगते. पहिल्याच वाक्यात 'मला आवडली नाही' असं नको. दोन परिच्छेद असे लिही की तू वाचली आहेस याबद्दल शंका राहू नये: निवेदन यमूचं का आहे, ती कुठल्या टप्प्यावरून बोलते आहे, मुंबईचा भाग मागच्या-पुढच्या भागांत कसा बसवला आहे. तिसऱ्या परिच्छेदात तुझं मत आण आणि त्याला प्रसंग जोड. 'कादंबरी कंटाळवाणी आहे' याला गुण देणं मलाही जमलं नसतं. 'सुधारणेवरची लांब संभाषणं चालू असतात तेव्हा यमूची हकीकत थांबते, आणि बायकांच्या स्थितीवर बोलणाऱ्या पुरुषांच्या घोळक्यात तीच ऐकू येईनाशी होते' असं लिहिलंस, आणि खाली तसा एक प्रसंग दिलास, तर तुझं म्हणणं न पटणारा तपासनीसही गुण देईल.

चौथा परिच्छेद न आवडूनही जे लक्षात राहिलं त्याला दे. काहीतरी राहिलं असणारच, पूर्ण वाचलीस ना. काहीच राहिलं नसेल तर तो परिच्छेद सोडून दे आणि तो वेळ पुढच्या प्रश्नाला वापर.